माशांना जिवंत खाद्य देताय? या चुका टाळा

"दादा, पाणी एकदम पांढरं झालंय, मासे वर येऊन तोंड उघडतायत." असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, ट्युबिफेक्स, म्हणजे माशांना घालायचे बारीक लाल किडे, आणल्यावर किती दिवस धुतले? बहुतेकांनी एकदाही धुतलेले नसतात.

हे किडे सांडपाण्याच्या गाळात वाढतात. प्राणवायू जेमतेम असलेल्या जागी तग धरतात, अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात आणि पोटात तोच गाळ घेऊन आपल्या घरी येतात. सांगलीत विश्रामबागला राहायचो तेव्हा मीही पिशवी सोडून अख्खा गोळा टाकीत टाकला होता. सहा एंजल मासे होते. खाल्ले तेवढे खाल्ले, बाकीचे किडे वाळूत शिरले आणि तिथेच कुजले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं, चार एंजल आडवे. वाळू उपसली तर खाली काळा चिखल आणि त्याला सडक्या अंड्याचा वास.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पसरट डब्यात किडे बुडतील एवढंच पाणी, डबा फ्रीजमध्ये, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. पाणीही रात्रभर बादलीत ठेवलेलं, थेट नळाचं नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. ढवळलं की जिवंत किडे पुन्हा गोळा होतात. पांढरे पडलेले सुटे राहतात, ते ओतून द्यायचे. तीन दिवसांच्या आत मी एक किडाही टाकीत जाऊ देत नाही. ज्याला एवढा दम नाही त्याने सुकं खाद्य द्यावं, मासे त्यावरही छान जगतात.

तळ्यातून डाफ्निया (पाण्यातले पिसवांसारखे बारीक जीव) आणताना मासे असलेलं तळं टाळा, माशांचे परजीवी सोबत येतात. आणलेलं सगळं पांढऱ्या ताटात ओतून बघा. चतुराची एक अळी नजरेतून सुटली तर गप्पीची पिल्लं रोज कमी होत जातात.

आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात फोडतात. ती पिल्लं गाळणीत गोड्या पाण्याने धुऊन द्या. मीठ आणि टरफलं टाकीत नकोत. थंडीत अंडी फुटायला चोवीस तासांहून जास्त लागतात, म्हणून घाईने फेकून देऊ नका.

डासांच्या अळ्या एका वेळी संपतील तेवढ्याच गाळा आणि बादलीवर कापड बांधा. आठवड्याभरात त्यांचे डास होतात, घरात डेंग्यू आणायचा नाही.

ऑस्कर माशाला बाजारातले स्वस्त गोल्डफिश घालू नका, रोग विकत येतो.

गांडुळं द्या, पण तासगावकडच्या फवारलेल्या द्राक्षबागेतली नकोत. मी परसातल्या शेणखताच्या ढिगातली घेतो आणि ओल्या कापडात एक दिवस ठेवून, पोट रिकामं झालं की चिरून देतो.