तारे टिपायला निघालात? लेन्सच्या बाबतीत या चुका टाळा

पहिल्यांदा आकाशगंगा टिपायला गेलो तेव्हा १४ मिमीची नवीकोरी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली होती. रात्रभर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळेच झकास दिसत होते. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले, तर एकही तारा टोकदार नाही. सगळे कापसाच्या बोंडासारखे फुगलेले. लेन्सवर अनंताची आडव्या आठसारखी खूण असते, तिथे रिंग फिरवून मी निर्धास्त झालो होतो. त्या रात्रीचं आकाश परत मिळालं नाही. लेन्समध्ये खोट नव्हती. ती कशासाठी घेतोय हे न कळता मी घेतली होती, आणि अंधारात तिच्याशी ओळख करून घेतली नव्हती. पुढच्या बहुतेक चुका या दोनपैकी एकीच्या पोटातल्या आहेत.

रुंदीला भुलणं

नवखा माणूस विचारतो, "जास्तीत जास्त आकाश कशात मावेल?" इथेच घोडं पेंड खातं. ताऱ्याचा प्रकाश पकडते ती लेन्समधली वाट, आणि तिचा व्यास काढायचा तर फोकल लेंथला (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो जितका लहान तितकं जास्त आकाश मावतं) एफ नंबरने (लेन्सवरचा २.८, १.८ असा आकडा; तो जितका लहान तितकी वाट मोठी) भागायचं. १४ मिमी एफ २.८ म्हणजे ५ मिमी. २४ मिमी एफ १.८ म्हणजे १३ मिमीच्या थोडं वर. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दुसरी लेन्स तेवढ्याच वेळात एकेका ताऱ्याचा सातपट प्रकाश गोळा करते. म्हणून अतिरुंद लेन्सच्या फोटोत आकाश भरपूर आणि तारे मात्र मोहरीएवढेही नाहीत, असं होतं.

गंमत म्हणजे बऱ्याच कॅमेऱ्यांसोबत येणारी किट लेन्सही १८ मिमीला एफ ३.५ म्हणजे ५ मिमीचंच भोक देते. आकाशाची पार्श्वभूमी तिच्यात थोडी अंधारी येते हे खरं, कारण तिथे हिशेब एफ नंबरचा. तरी पहिल्या प्रवासाला किट लेन्स नेली म्हणून लाजायचं कारण नाही. १८ मिमीवर ठेवा, आयएसओ (कॅमेरा प्रकाश किती वाढवून दाखवतो तो आकडा) ३२०० किंवा ६४००, आणि एकच फोटो काढून उठू नका. तेच दृश्य नऊ वेळा काढून एकत्र केलं तर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, तिसऱ्या हिश्श्यावर येतो. सीक्वेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. फक्त झूम करायचा मोह टाळा. १८-५५ वर एफ ३.५-५.६ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ५५ ला गेलात की एफ ५.६, म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश जवळजवळ अडीच पटींनी कमी.

पैसे घालायचेच असतील तर माझं मत सरळ आहे: फुल फ्रेमवर (३६ x २४ मिमीचा मोठा सेन्सर) २० किंवा २४ मिमी एफ १.८, क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सर) १६ मिमी एफ १.४ च्या आसपासची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. झूमची सोय जाते, पण रात्री ट्रायपॉडवर बसवलेल्या कॅमेऱ्याला झूम करून करायचंय काय? आणि हो, मिमीचे आकडे वाचताना आपला सेन्सर विसरू नका. १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स ३६ मिमीसारखी दिसते; "सगळ्यांनी सांगितली म्हणून" ती घेतलेले लोक मग आकाशगंगेचा तुकडाच हाती लागल्याची तक्रार करतात.

कुठे चाललोय ते न बघणं

लेन्सच्या गप्पांत हा मुद्दा फारसा निघत नाही, आणि प्रवास करणाऱ्यासाठी तर हाच मोठा. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीकडे, खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत वाढवलं तर उमटेल ती रेषा) २९ अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे ते जास्तीत जास्त किती वर येणार हे तुमच्या मुक्कामाचा अक्षांश ठरवतो. उत्तर गोलार्धात हिशेब सोपा: ९० मधून अक्षांश वजा करा, मग २९ वजा करा. २० अंश उत्तरेला केंद्र ४१ अंशांपर्यंत चढतं. ५० अंशांवर जेमतेम ११. दक्षिण गोलार्धात ३० अंशांच्या आसपास ते थेट डोक्यावर येतं.

आता लेन्स निवडा. २४ मिमी लेन्स फुल फ्रेमवर उभी धरली की सुमारे ७४ अंश उंची मावते. २० अंश उत्तरेला जमीन, झाडं आणि वरचं केंद्र तिच्यात छान बसतात. ५० अंशांवर गेलात तर केंद्र क्षितिजाला टेकलेलं, वरचं रिकामं आकाश काय करायचं? तिथे ३५ मिमी बरी. आणि दक्षिणेत, जिथे सगळा पट्टा डोक्यावरून जातो, तिथे १४ मिमीला खरंच अर्थ आहे. उभ्या फ्रेममध्ये ती १०० अंशांपेक्षा जास्त घेते. म्हणजे रुंद लेन्स वाईट असं मी म्हणत नाही; जागा बघून घ्या, एवढंच.

अजून एक. ४८.५ अंशांच्या उत्तरेला जूनच्या उत्तरार्धात रात्र पूर्ण काळी होतच नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जात नाही. तिथे कितीही एफ १.४ घेऊन बसा, आकाश निळसरच राहणार. चंद्राचंही तेच. तारीख अमावस्येच्या आसपास धरा. आणि रुंद लेन्समध्ये चंद्र मोठा येईल या आशेवर राहू नका: सेन्सरवर त्याचा व्यास फोकल लेंथला साधारण ११५ ने भागून येतो. २४ मिमीवर ०.२ मिमी. ठिपका.

कोपरे न तपासता लेन्स बॅगेत टाकणं

दिवसाच्या फोटोत उत्तम ठरलेली लेन्स रात्री उघडी पडते, कारण तारा म्हणजे बिंदू, आणि बिंदूत दोष लपत नाही. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (लेन्समधली वाट सगळ्यात मोठी असताना) कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसले तर तो कोमा नावाचा दोष. बऱ्याच लेन्सना तो थोडाफार असतोच, एफ १.८ वरून एफ २.२ किंवा २.८ केलं की पंख मिटतात आणि कोपऱ्यांचा काळोखही कमी होतो. तेवढा प्रकाश सोडावा लागतो, सोडा.

पण एकच कोपरा बिघडलेला आणि उरलेले तीन स्वच्छ असतील तर भानगड वेगळी आहे: आतली काच किंचित सरकलेली किंवा तिरकी बसलेली असते. हे ॲपर्चर लहान करून धड सुधारत नाही. अशी लेन्स बदलून घ्यायची, आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत. म्हणून नवी लेन्स आली की त्याच आठवड्यात गच्चीवर जा. शहराच्या उजळ आकाशातही एखादा ठळक तारा असतोच. तो मधोमध घेऊन फोकस करा, मग कॅमेरा वळवत एकेका कोपऱ्यात नेऊन फोटो काढा. पाच फोटो, दहा मिनिटं. भाड्याने लेन्स नेणाऱ्यांनी तर हे निघायच्या आदल्या रात्री करावंच.

५०० चा नियम डोळे मिटून पाळणं

५०० ला फोकल लेंथने भागा, तेवढे सेकंद शटर उघडा, हे सगळीकडे वाचायला मिळतं. (क्रॉप सेन्सर असेल तर आधी फोकल लेंथला १.५ किंवा १.६ ने गुणायचं, हे सांगायचं मात्र राहून जातं.) २४ मिमीला उत्तर येतं २० सेकंद. तेवढ्या वेळात, २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर, मृगाच्या पोटातले ते तीन तारे सुमारे सहा पिक्सेल सरकतात. ते खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, म्हणून त्यांची धाव सगळ्यात जास्त. ध्रुवाजवळचे तारे जवळपास जागेवर. मोबाइलवर बघायला चालेल, मोठी छापील प्रत काढलीत तर प्रत्येक तारा शेंगेसारखा. मी ५०० च्या जागी ३०० धरतो. २४ मिमीला १२ सेकंद. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर आणखी खाली या. मोठं भोक असलेली लेन्स घ्या असं वर सांगितलं त्याचं कारण इथे कळतं: वेळ वाढवायला जागाच नाही.

अनंताच्या खुणेवर विसंबणं

माझी चूक. काही लेन्स त्या खुणेच्या पलीकडेही फिरतात, आणि खरा बिंदू खुणेच्या केसभर अलीकडे किंवा पलीकडे असतो. गारठा वाढला की तोही थोडा सरकतो.

करायचं असं. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेट दिसणाऱ्या चित्रात, आकाशातला सगळ्यात ठळक तारा शोधा, पडद्याच्या मध्यावर आणा, दहापट मोठा करा. आता रिंग अगदी सावकाश फिरवा. धुरकट गोळा आकसत जाईल, लहान होईल, आणि एका क्षणी त्याच्या शेजारी आतापर्यंत न दिसलेले दोन-तीन बारीक तारे उमटतील. तिथे न थांबता जरा पुढे जा, गोळा परत फुगू लागला की मागे या. बारीक तारे दिसतात ती जागा तुमची. मग एक बोट रिंगवर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने कागदी चिकटपट्टी रिंग आणि लेन्सच्या अंगावर आडवी लावा. पहिला फोटो मोठा करून बघितल्याशिवाय दुसरा काढू नका.

मिररलेसवाल्यांसाठी (आत आरसा नसलेले कॅमेरे) एक खोच आहे. त्यांच्या बऱ्याच लेन्समध्ये रिंग काचेला थेट जोडलेली नसते, मोटर काच हलवते. कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस भलतीकडे, आणि चिकटपट्टी आपली जागच्या जागी. काही कॅमेऱ्यांत ती जागा लक्षात ठेवायची सेटिंग असते, घरीच शोधून ठेवा. नसेल तर प्रत्येक वेळी पुन्हा फोकस.

बारीकसारीक, पण रात्र खाणारं

यूव्ही फिल्टर काढा. त्याच्या काचेवरून उलटलेल्या दिव्यांची भुतं फोटोत येतात. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) बंद ठेवा. जड झूम लेन्स डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलीत तर ती स्वतःच्या वजनाने हळूच मागे सरकते, आणि फोकसही बदलतो, तिथेही चिकटपट्टीच.

वजनाचंही बघा. सिग्माची १४ मिमी एफ १.४ जवळजवळ १.२ किलोची, सोनीची २० मिमी एफ १.८ ३७३ ग्रॅम. पहिली नेलीत तर ट्रायपॉडही तेवढाच दणकट लागतो. मी जड लेन्स हॉटेलच्या खोलीत ठेवून हलकी घेऊन चढलोय, तेही एकदा नाही.

दव मात्र जरा समजून घ्या. निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षा थंड होते. ती दवबिंदूच्या खाली गेली की पाणी धरते. तुम्हाला कळत नाही. तारे फक्त हळूहळू मऊ आणि फिके होत जातात, आणि माणूस फोकसला दोष देत बसतो. दर अर्ध्या तासाने लाल टॉर्चने काच तिरकी बघा. पुसत बसलात तर पुन्हा धरते. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा पुढच्या काचेच्या कडेला गुंडाळा, तोही दव पडायच्या आधी. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा.

पहाटे परतताना उलटा प्रकार. थंड लेन्स उबदार खोलीत नेली की खोलीतली वाफ तिच्यावर बसते. बाहेरच असताना ती झिपच्या पिशवीत घाला, पिशवीतली हवा काढून बंद करा, आणि झोपून उठेपर्यंत उघडू नका. मेमरी कार्ड मात्र पिशवीत घालायच्या आधी काढून घ्या, नाहीतर उघडायचा मोह होतोच.