काकडीचा केक भाजताना पाण्याचा अंदाज
केकमध्ये काकडी हे ऐकून अनेकांना नवल वाटते. परंतु कोकणात ज्याला धोंडस आणि गोव्यात तवसाळी म्हणतात, तो पदार्थ म्हणजे तवशाचा, अर्थात मोठ्या जून काकडीचा, बिनअंड्याचा केकच होय. तो बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि किसात गूळ मिसळताच ते आणखी सुटू लागते. म्हणून तवसे चाखून, ते कडू नसल्याची खात्री करून, बिया काढून किसावे आणि कीस हलक्या हाताने पिळावा. निघालेले पाणी मात्र फेकू नये, कारण काकडीचा सुवास त्यातही उतरलेला असतो.

दोन वाट्या किसाला तुपावर खमंग भाजलेला दीड वाटी रवा, एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, वेलची आणि चिमूटभर मीठ घ्यावे. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. माझ्या मते सगळ्या कृतीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. रवा फुगल्यावर मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा थोडे घट्ट असावे, आणि कोरडे वाटले तरच बाजूला ठेवलेले पाणी चमच्याचमच्याने घालावे.

पूर्वी पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून धोंडस भाजत. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर सुमारे ४५ मिनिटे लागतात. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली तरी लगेच कापू नये, कारण गरम असताना ते चिकट असते आणि पूर्ण थंड झाल्यावरच त्याच्या वड्या नीट पडतात.