लिंक्डइनवर ‘५००+ कनेक्शन्स’ दिसतंय, पण नोकरीसाठी फोन येत नाही? या चुका टाळा

रविवारी सकाळी लिंक्डइन उघडलं की ठरलेला मेसेज असतोच: ‘हाय सर, व्हेकन्सी असेल तर कळवा.’ सोबत रेझ्युमे. कसलं काम हवंय, कोणत्या शहरात, आणि मलाच का विचारलं, काही पत्ता नाही. मदत करायची म्हटली तरी करायची काय?

अनोळखी माणसाकडे थेट नोकरी मागणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन मिनिटांत उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा. मागे सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘तुमच्या टीममध्ये ऑटोमेशन टेस्टरची जागा पाहिली. सेलेनियम येतं, एपीआय टेस्टिंग केलेलं नाही. अर्जाआधी ते शिकून घेऊ का?’ मी चहा पिता पिता उत्तर दिलं. शिकून घे म्हटलं, कुठून सुरुवात करायची तेही सांगितलं.

रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाची शिफारस, मागायचाच असेल तर जॉब आयडी (त्या जागेचा क्रमांक) पाठवा, आणि आधी स्वतः अर्ज करून मोकळे होऊ नका. कंपनीच्या साइटवर तुमचा अर्ज आधीच पडलेला असेल, तर बऱ्याच ठिकाणी नंतरचा रेफरल धरला जात नाही.

दुसरी चूक म्हणजे आपल्याच कट्ट्यावर फिरत राहणं. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दूरच्या ओळखींचं महत्त्व मांडलं होतं. लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आला, त्यातही नोकरी बदलताना जास्त कामी आल्या त्या मध्यम-दूरच्या ओळखी. अगदी जिवलग नाहीत, अगदी परकेही नाहीत. असे लोक शोधायला आपल्या कॉलेजच्या पेजवरचा माजी विद्यार्थ्यांचा टॅब उघडा. तिथे शहर आणि कंपनीनुसार चाळणी लावता येते. दोन-तीन बॅच पुढचे सीनियर सहसा उत्तर देतात.

प्रोफाइलवर नावाखालच्या हेडलाइनमध्ये ‘सीकिंग अपॉर्च्युनिटीज’ लिहून २२० अक्षरांची जागा वाया घालवू नका. रिक्रूटर ‘जावा’, ‘टॅली’, ‘जीएसटी’ असं शोधतो; ‘सीकिंग’ कोण शोधणार?

नोकरीत असताना फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’ची (नोकरी शोधतोय असं सांगणारी) हिरवी चौकट लावणं हा माझा स्वतःचा पराक्रम. सोमवारी चहाच्या टपरीवर मॅनेजरने हसत विचारलं, “काय, निघालात वाटतं?” फक्त रिक्रूटरनाच दिसेल असाही पर्याय तिथे असतो, तो निवडा. मात्र तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपर्यंत ते पोहोचणार नाही, याची हमी लिंक्डइनही देत नाही.

‘तुमची निवड झाली, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा’ असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

आणि सल्ला घेऊन गायब होऊ नका. त्या मुलीने तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिलं: ‘एपीआय टेस्टिंग शिकले, छोटा प्रोजेक्ट केलाय, लिंक देतेय.’ मागणी काहीच नव्हती. दोन महिन्यांनी आमच्याकडे जागा निघाली, तेव्हा मीच तिला मेसेज केला.