जुनी गाडी घेताय? निदान या चुका तरी करू नका

महिन्यातून दोनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "मामा, चला की जरा, गाडी बघून येऊ." मी मेकॅनिक नाही. सात जुन्या गाड्या घेतल्या-विकल्या, त्यात तीनदा फसलो, एवढीच माझी पदवी. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्विफ्ट घेऊ की आय-ट्वेंटी?" अरे, दहा वर्षं जुनी गाडी मॉडेलच्या नावावर चालत नाही. आधीच्या मालकानं ती कशी ठेवली, त्यावर चालते.

सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे तापलेल्या इंजिनाची गाडी बघणं. माझ्या भाच्यानं हेच केलं. सोलापुरात होटगी रोडला गाडी बघायला गेला तेव्हा मे महिना, दुपारचे तीन. गाडी आधीच चालू करून ठेवलेली, एसी फुल्ल. "बसा आत, बघा कसलं कूलिंग आहे!" बाहेर बेचाळीस डिग्री असताना कुणालाही ती गाडी आवडली असती. वीस मिनिटांत दहा हजार टोकन देऊन आला. पाव किलो शेंगाचटणी घेताना चिमूटभर चाखून बघणारा हा पोरगा!

महिन्याभरानं पुण्याला निघाला. टेंभुर्णी ओलांडली आणि एसीतून गरम वारा यायला लागला. त्याला वाटलं गॅस संपला. खरं तर इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्या एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद करतात. त्यानं काचा खाली केल्या आणि पुढं निघाला. मग लाल दिवा लागला. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता दिवा. "इंदापूर आलंच की" म्हणत आणखी सात-आठ किलोमीटर हाणली. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं, अडतीस हजारांचं बिल झालं.

गॅरेजमध्ये रेडिएटर उघडला तेव्हा मी तिथंच होतो. आतून चहासारखं तांबडं पाणी आलं. बाहेरच्या बाटलीत इंजिन थंड ठेवणारं हिरवागार कूलंट, आत मात्र बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी बादलीलासुद्धा पांढरा थर चढवतं, तिथं रेडिएटरच्या बारीक नळ्यांची काय कथा. वर थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा) काढून टाकलेला. गाडी तापते अशी तक्रार आली की काही महाभाग तापण्याचं कारण न शोधता हा व्हॉल्व्ह उपटून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. असल्या शॉर्टकटला मी दुरुस्ती म्हणत नाही.

तेव्हापासून माझा शिरस्ता एकच. सकाळी सातला जायचं. आदल्या रात्री मालकाला सांगायचं, गाडी मी आल्यावरच चालू करायची. पोहोचलो की आधी बॉनेटवर हात. कोमट लागलं तर चहा पिऊन परत. गार असेल तरच रेडिएटरचं झाकण उघडतो (तापलेल्या गाडीचं चुकूनही उघडू नका, तोंड भाजेल) आणि आत बोट फिरवतो. बोटाला गंज लागला की विषय संपला. मग ऑइलचं झाकण. खाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरत असल्याची शंका घ्यायची. एवढं झाल्यावर एसी लावून उभ्या गाडीत वीस मिनिटं बसायचं, फॅन लागतो आणि थांबतो का ते ऐकायचं. शेवटी बाळे गावाच्या पुढं हायवेला एक फेरी. पोरांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

दुसरं, नावाला पैसे मोजणं. डिझेल स्विफ्टमधलं ते गाजलेलं 1248 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच टाटाच्या व्हिस्टात, तेच फियाटच्या पुंटोत. तरी स्विफ्ट म्हटलं की भाव वर. "रिसेल आहे ना!" पण तू गाडी मोडेपर्यंत वापरणार असशील तर रिसेल काय चाटायची? व्हिस्टात मागं तीन माणसं ऐसपैस बसतात आणि ती स्वस्तात मिळते. पुंटो मला मनापासून आवडते, रस्त्याला चिकटून चालते. पण फियाटनं इथला गाशा गुंडाळलाय, एकेका पार्टसाठी पुण्याला फोन करायची तयारी असेल तरच घ्या.

जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढंच रोजचं फिरणं असेल तर 2020 नंतरची बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण नियमांतली) डिझेल घेऊ नका. सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन नीट तापून सलग चालावं लागतं. गावातल्या गावात तो चोंदतो.

सनरूफ? सोलापुरात? उघडणार कधी?

मीटरवर पंचेचाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, तर पेडलवर विश्वास ठेवा. टायरवरचे चार आकडे वाचा: 3218 म्हणजे 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. स्टेपनीचेही बघा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, ते आरटीओत जमाही करावे लागतात. भाच्यानं ते चार महिने डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले होते. परवा त्याचा फोन आला, मित्राला गाडी बघायचीय. म्हटलं, किती वाजता? म्हणाला, "सातला, मामा. बॉनेटला हात मी लावणार."