टाळेबंदीत गल्लीतलं एकही घर उपाशी राहू नये, यासाठी

पैसे गोळा करण्याआधी वही-पेन घ्या आणि गल्लीत फिरा. प्रत्येक दारात विचारा: किती माणसं? काम सुरू आहे का? रेशनकार्ड आहे का, असलं तर कुठलं? आणि चूल पेटवायची सोय आहे का?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही धारावीत जरीकाम करणाऱ्या पोरांना तांदूळ-डाळ देऊन आलो. दुसऱ्या दिवशी पिशव्या दाराशीच होत्या, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. पोरं कारखान्यातच झोपायची, खानावळीत जेवायची, खानावळ बंद. ना शेगडी, ना पातेलं. अशांना शिजलेलंच अन्न द्यावं लागतं.

मग कार्ड पाहा. त्या वेळी प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं, पण अन्नसुरक्षा यादीत नाव असलेल्यांनाच. ज्यांचं नाव यादीत आहे त्यांना आधी रेशन दुकानावर पाठवा, सोबत जा. बिहार-उत्तर प्रदेशातलं कार्ड असलं तरी आता इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं; बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. तुमची मदत राहू द्या बिनकार्डवाल्यांसाठी: नाका कामगार, घरकाम सुटलेल्या बायका, एकटे म्हातारे.

चौघांच्या घराला पंधरा दिवसांसाठी आम्ही १० किलो तांदूळ, ५ किलो आटा, २ किलो तूरडाळ, लिटरभर तेल, मीठ, हळद, तिखट, चहा-साखर आणि साबण द्यायचो. माल गल्लीतल्या वाण्याकडूनच घ्या, पक्कं बिल मागा. तान्हं मूल असेल तिथे दूध वेगळं.

खिचडी मुंबईच्या दमटपणात लवकर आंबते. उतरवल्यापासून दोन तासांत ती पोटात जायला हवी, म्हणून चूल वस्तीजवळच मांडा. जवळ शिवभोजन केंद्र असेल तर तेही वहीत टिपा. टाळेबंदीत थाळी आधी ५ रुपयांना आणि २०२१ मध्ये काही महिने मोफत होती, पण थाळ्या मोजक्याच असायच्या.

रांग लावू नका. पिशवी दारात ठेवा, कडी वाजवा, चार पावलं मागे उभे राहा. फोटो काढू नका. कालपर्यंत कमावून खाणारी बाई पदराआड तोंड लपवते, ते मी पाहिलंय.

दर आठवड्याला वही घेऊन पुन्हा फिरा. कुणाचं काम सुरू झालेलं असतं, कुणाचं नुकतंच सुटलेलं.