‘मिनिटभराचं काम’ म्हणत चालू यंत्रात हात घालता? या चुका टाळा

मळणी यंत्रात पेंढी अडकते. आवाज जड होतो. कोणीतरी म्हणतं, “बंद कशाला करताय, आत्ता मोकळं होईल.” आणि हात आत जातो. शेतातली सगळ्यात महागडी चूक मी हीच मानतो.

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद जोडलेल्या यंत्राला देणारा फिरता दांडा, साधारण मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. बाहीचा सुटलेला दोरा त्यात गुंतल्याचं ध्यानात येईपर्यंत कापडाला नऊ वेढे बसलेले असतात. तिथून हात मागे घेणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. म्हणून आधी पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, सगळं फिरायचं थांबलं की मगच हात लावा. चावी खिशातच हवी. तुम्ही आत वाकलेले असताना दुसरं कोणी यंत्र सुरू करू नये. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं असेल तर ते बदलल्याशिवाय यंत्र जोडूच नका.

दवाखान्याचं बिल निदान एकदा भरून होतं. खरा फटका नंतर बसतो. ऐन काढणीत कर्ता माणूस खाटेवर, त्याच्या उशाशी घरातलं आणखी एक माणूस अडकलेलं. यंत्र उभं, पण त्याचा हप्ता चालूच. मजुरी वाढते, पीक उशिरा निघतं. हात गेला तर कृत्रिम हातही काही वर्षांनी झिजतो, पुन्हा नवा घ्यावा लागतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे ओझं ओढताना साखळी ड्रॉबार (ट्रॅक्टरच्या मागचा, खाली असलेला ओढायचा दांडा) सोडून वर कुठेतरी अडकवणं. जोर लागला की पुढची चाकं उचलतात आणि जेमतेम दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरना संरक्षक चौकट (ट्रॅक्टर उलटला तरी चालकाला चिरडू न देणारा मजबूत सांगाडा) सक्तीची केली आणि ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू खूप घटले. चौकट असेल तर सीटबेल्ट लावाच. नसेल तर मात्र बेल्ट लावू नका, तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच अडकवून ठेवेल.

मडगार्डवर कोणालाही बसवू नका. लेकराने कितीही हट्ट केला तरी नाहीच. रस्त्यावर येण्याआधी डाव्या आणि उजव्या चाकाची वेगवेगळी असलेली दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून घ्या. कीटकनाशक पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

शेणाच्या बंद टाकीत साचलेल्या विषारी गॅसने एकजण कोसळला की त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. जीव तुटत असला तरी तसंच आत उतरू नका, आधी मदत बोलवा. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असंही धरू नका: त्यातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस फार वाढला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.