टर्मिनलवरून मॅस्टोडॉनवर मराठी मजकूर कसा पाठवावा

एखाद्या वाचनालयाला दर सोमवारी नव्या पुस्तकांची यादी जाहीर करायची असेल, तर त्यासाठी दर वेळी ब्राउझर उघडून तोच खटाटोप करण्याऐवजी टर्मिनलमधील, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीतील, एका आज्ञेवर ते काम सोपवता येते. २०१६ साली ऑयगेन रोख्को यांनी सुरू केलेले मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम या कामासाठी विशेष सोयीचे आहे. २०२३ साली ट्विटरने आपल्या एपीआयचा (इतर प्रोग्रामना सेवेशी जोडून घेणाऱ्या सोयीचा) मोफत वापर फार आखडला. मॅस्टोडॉनचा एपीआय मात्र कोणत्याही खातेदाराला शुल्काविना वापरता येतो. त्यावर चालणारे ‘टूट’ हे पायथॉनमध्ये लिहिलेले मुक्त साधन येथे घेतले आहे. पुढील सर्व आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले असले, तरी टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टाइप करायचे आहेत. साधनाचे नाव टी-ओ-ओ-टी असे लिहावे.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टूट’ आणि होमब्रू हे साधन असलेल्या मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल टूट’ या आज्ञेने ते बसते. त्यानंतर ‘टूट लॉगिन’ ही आज्ञा दिली की ते आपले मॅस्टोडॉन खाते ज्या सर्व्हरवर आहे त्याचा पत्ता विचारते आणि ब्राउझरमध्ये परवानगीचे पान उघडते. तेथे मिळालेला संकेतांक टर्मिनलमध्ये चिकटवला की खाते जोडले जाते. हा भाग एकदाच करायचा असतो.

‘टूट पोस्ट’ आणि त्यापुढे अवतरणचिन्हांतील मजकूर, एवढी आज्ञा पोस्ट प्रसिद्ध करण्यास पुरेशी आहे. अवतरणचिन्हे मात्र एकेरी घ्यावीत, कारण दुहेरी चिन्हांतील डॉलरच्या खुणेचा, आणि बॅश शेलमध्ये उद्गारचिन्हाचाही, शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचून अमलात आणणारा प्रोग्राम) स्वतःचा वेगळा अर्थ लावते. अवतरणचिन्हे अजिबात न दिल्यास हॅशटॅगपासून पुढचा सगळा मजकूर टिप्पणी समजून गाळला जाऊ शकतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना खरी अडचण येते ती टर्मिनलच्या पडद्यावर. अनेक टर्मिनलमध्ये जोडाक्षरे तुटलेली आणि वेलांट्या भलत्याच जागी सरकलेल्या दिसतात, त्यामुळे लिहिलेले तपासणे जवळजवळ अशक्य होते. पाठवला जाणारा मजकूर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत असेल तर तो वाचकापर्यंत शुद्धच पोहोचतो. बिघाड केवळ दाखवण्यात असतो. तरीही शुद्धलेखन डोळ्यांनी पाहूनच तपासावे लागते, म्हणून मजकूर नेहमीच्या संपादकात लिहून, नीट वाचून फाइलमध्ये साठवावा आणि ‘टूट पोस्ट’च्या पुढे ‘पेक्षा लहान’ या चिन्हासह त्या फाइलचे नाव द्यावे, हा मार्ग मला सर्वांत उत्तम वाटतो. मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा ५०० अक्षरांची असून काही सर्व्हर ती वाढवतात. मोजणी करताना ‘कि’सारखे काना-मात्रा-वेलांटीसह असलेले अक्षर एकच धरले जाते आणि कोणताही दुवा, तो कितीही लांब असला तरी, २३ अक्षरांचा मानला जातो, त्यामुळे मराठी मजकुराला ऐसपैस जागा मिळते.

दोन आडव्या रेघांनंतर लिहायच्या पर्यायांपैकी चार कधीही विसरू नयेत. ‘लँग्वेज’पुढे एम-आर लिहिल्यास पोस्टवर मराठी भाषेची नोंद होते, केवळ मराठी पोस्ट पाहण्याची निवड केलेल्या वाचकांपर्यंत ती पोहोचण्यासाठी ही नोंद अचूक असावी लागते. ‘मीडिया’पुढे चित्राच्या फाइलचे नाव द्यावे आणि ‘डिस्क्रिप्शन’पुढे त्या चित्राचे शब्दांत वर्णन करावे, कारण दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवते, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला केवळ ‘चित्र’ म्हणणे म्हणजे वर्णन नव्हे, शीर्षक आणि लेखकाचे नाव त्यात आलेच पाहिजे. चौथा पर्याय ‘व्हिजिबिलिटी’. त्यापुढे ‘डायरेक्ट’ लिहून कोणाचाही उल्लेख न करता पोस्ट पाठवली, तर ती अन्य वापरकर्त्यांना दिसत नाही, आणि म्हणून पहिली चाचणी अशीच घ्यावी.

पोस्ट पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायची असेल तर ‘शेड्यूल्ड-इन’ हा पर्याय आहे. ती वेळ निदान ५ मिनिटे पुढची असावी लागते. दर आठवड्याचे काम क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या साधनावर, सोपवताना टूटचा पूर्ण मार्ग (ते संगणकावर ज्या फोल्डरात आहे तो पत्ता) लिहावा, कारण क्रॉनला आपल्या नेहमीच्या शेलमधील सगळे मार्ग ठाऊक नसतात. एकाहून अधिक खाती जोडलेली असल्यास ‘यूझिंग’ या पर्यायाने खाते स्पष्ट सांगावे. नाहीतर त्या वेळी जे खाते सक्रिय असेल त्यावरून संस्थेची सूचना प्रसिद्ध होईल.

खात्याचे टोकन, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणारी गुप्त किल्ली, संगणकावरील आपल्या घरच्या (होम) फोल्डरमधील ‘.कॉन्फिग’च्या आत ‘टूट’ या फोल्डरात साध्या मजकुराच्या रूपात साठवलेले असते आणि ज्याच्या हाती ते पडेल त्याला आपल्या नावाने लिहिता येते. त्यामुळे ही फाइल वाचण्याची परवानगी स्वतःपुरती ठेवावी आणि ती कोणत्याही सार्वजनिक गिट भांडारात (प्रोग्रामच्या फाइली इतरांसाठी ठेवण्याच्या जागेत) जाऊ देऊ नये. संगणक हरवल्यास किंवा दुसऱ्याच्या हाती गेल्यास मॅस्टोडॉनच्या सेटिंगमधील अधिकृत ॲपच्या यादीतून टूटची परवानगी ताबडतोब रद्द करावी. त्यासाठी तो संगणक हाताशी असण्याची गरज नसते.